वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या बागेतून स्पेनच्या शिवारात

या महिन्यात प्रवास-सदराकडे आलेली बहुतेक पत्रे सोलापूर जिल्ह्यातील आहेत आणि त्यांचा विषयही जवळजवळ एकच आहे. मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन, पाठीवर सॅक टाकून स्पेनमध्ये हिंडायचे आणि मधले काही आठवडे तेथील शेतांवर मुक्काम करायचा, असा या वाचकांचा बेत आहे. दहा दिवसांत सात शहरे दाखवणाऱ्या सहलींपेक्षा हा बेत कितीतरी शहाणपणाचा आहे, म्हणून सर्व उत्तरे एकाच अंकात देत आहोत.

प्रश्न : आम्ही सांगोला तालुक्यातील दोन मित्र आहोत. एकाच्या घरची डाळिंबाची बाग आहे आणि दुसरा सोलापुरात चादरींच्या कारखान्यात हिशेब पाहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सुमारे दोन महिने स्पेनमध्ये राहण्याचा विचार आहे. दिवसाचे काही तास शेतावर काम केले की जेवण आणि राहणे फुकट मिळते, असे आमच्या वाचनात आले. पर्यटक व्हिसावर हे चालते का, आणि त्यामुळे खर्च खरोखर किती वाचतो?

उत्तर : पर्यटक व्हिसावर श्रमाच्या बदल्यात जेवण आणि निवारा घेण्याचा बेत करू नका, हे आधी स्पष्ट सांगायला हवे, कारण बाकीची सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे.

तुम्ही जे वाचले ते खोटे नाही. सेंद्रिय शेतावर मदत करून तेथेच राहण्याची ही पद्धत १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड यांनी सुरू केली. त्या लंडनमध्ये सचिव म्हणून नोकरी करत होत्या आणि शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी तरी मातीत हात घालता यावा, एवढाच त्यांचा मर्यादित हेतू होता. पुढे ही चळवळ ‘वूफ’ या नावाने जगभर पसरली. स्पेनमध्येही तिची संस्था आहे आणि वर्गणी भरून सभासद झाले की शेतांची यादी उघडते. साधारणपणे दिवसाला चार ते सहा तास मदत करायची आणि यजमानाने जेवण व खोली द्यायची, असा हा व्यवहार असतो. त्यात पैसे हात बदलत नाहीत.

परंतु युरोपीय संघाच्या नागरिकाला जे सहज जमते, ते भारतीय पासपोर्टवर जमेलच असे नाही. शेंगेन देशांचा, म्हणजे स्पेनसह सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा, अल्पमुदतीचा व्हिसा पर्यटनासाठी मिळतो, त्यावर काम करण्याची परवानगी नसते; आणि रोख मजुरी नसली तरी नेमून दिलेली तोडणी, छाटणी किंवा जनावरांची देखभाल जेवण-निवाऱ्याच्या मोबदल्यात करणे हे सरकारी अधिकाऱ्याच्या दृष्टीने कामच ठरू शकते. परवान्याविना परदेशी माणसाला कामावर ठेवणाऱ्याला स्पेनच्या कायद्यानुसार दहा हजार युरोंच्या पुढे दंड होऊ शकतो, म्हणजे ज्या शेतकऱ्याने तुम्हाला आपल्या घरात घेतले त्यालाच तुमच्यामुळे भुर्दंड बसायचा. शिवाय अर्जात पर्यटन लिहायचे आणि विमानतळावर विचारल्यावर शेतावर कामाला आलो असे सांगायचे, यातून तिथल्या तिथे परत पाठवले जाण्याची वेळ येऊ शकते आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येतो.

यावर सरळ मार्ग असा की शेतावर पैसे देऊन पाहुणे म्हणून राहावे. खेड्यातील घरात मुक्काम देण्याची रीतसर नोंदणी केलेली व्यवस्था स्पेनमध्ये चांगली रुजलेली आहे. अशा घराला ‘कासा रुराल’ म्हणतात आणि चालू शेतीवरील मुक्कामाला ‘आग्रोतुरिस्मो’. तेथील आरक्षणाची पावती व्हिसाच्या अर्जाला जोडता येते, हा मोठाच फायदा आहे. कारण कोणी खाजगी घरात ठेवून घेणार असेल, तर त्या यजमानाला स्थानिक पोलिसांकडून रीतसर निमंत्रणपत्र काढावे लागते आणि अनोळखी शेतकरी तुमच्यासाठी हा खटाटोप क्वचितच करील. पाहुणा म्हणून गेलात तरी सकाळी मालकाबरोबर बागेत फिरणे, तोडणी आणि प्रतवारी पाहणे, छाटणीविषयी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडणे हे सगळे करता येते, आणि तुमच्यासारख्या बागायतदाराला खरे तर तेच हवे आहे. एखादा यजमान श्रमाच्या बदल्यात राहण्याचाच आग्रह धरत असेल, तर मुंबईतील स्पेनच्या वकिलातीला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्या शेताला होकार कळवू नका.

आता खर्चाचे. फुकट राहिल्याने व्हिसासाठी दाखवायची रक्कम कमी होईल, असा तुमचा समज दिसतो. स्पेनचा सरकारी निकष दर माणशी दर दिवसामागे ठरलेला आहे आणि तो तेथील किमान वेतनाशी जोडलेला असल्यामुळे बदलत राहतो. २०२५ साली तो दिवसाला सुमारे ११८ युरो होता. साठ दिवसांचे हे सात हजार युरोंहून अधिक होतात, तेही प्रत्येकी. एवढी ऐपत कागदावर दाखवता येत नसेल, तर दोन महिन्यांऐवजी पाच आठवड्यांचा बेत करा. माझ्या मते तो अधिक चांगलाही होईल.

बागायतदार मित्राची एक निराळी अडचण आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे त्याचे आयकर विवरणपत्र अगदीच कृश दिसेल किंवा नसेलच. अशा वेळी सातबारा, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि ती रक्कम खात्यात जमा झाल्याचे दाखवणारे बँकेचे उतारे एकत्र लावावेत, आणि मराठी कागदांचे इंग्रजीत अधिकृत भाषांतर करून घ्यावे. मागे बाग आहे आणि तिचा बहार धरायला परत यायचेच आहे, यासारखा भक्कम पुरावा नोकरदार मित्रालाही मिळणार नाही. त्याने कारखान्याकडून रजेचे पत्र घ्यावे.

बाकी नियम थोडक्यात असे : कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, पण तुमच्या व्हिसावर जितके दिवस छापले असतील तितकेच तुमचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटचे पंधरा दिवस उरेपर्यंत थांबणे म्हणजे आत्मघात आहे. शुल्क ९० युरो असून केंद्राचा सेवाखर्च वेगळा असतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर येण्याजाण्याची नोंद शिक्क्याऐवजी संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशेब कोणाच्या नजरेतून सुटेल अशी आशा धरू नये.

प्रश्न : त्याच पत्रात पुढे विचारले आहे : स्पेनमध्ये कोणत्या भागात जावे? आमच्या यादीत बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल, ग्रनादा, वालेन्सिया आणि बिल्बाओ ही शहरे आहेत आणि मधे पाच-सहा शेते बसवायची आहेत.

उत्तर : शहरांची यादी आधी आणि शेते नंतर, हा क्रमच उलटा करा. शेताला हंगाम असतो, शहराला नसतो. हंगाम पाहून तीन शेते निवडा आणि ती जोडणाऱ्या वाटेवर जी शहरे येतील तेवढीच पाहा.

तुमच्या काळात उत्तरेकडील ला रिओहा प्रांतात द्राक्षांची तोडणी चालू असते. ती हवामानाप्रमाणे सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि सप्टेंबरच्या २१ तारखेच्या आसपास लोग्रोन्यो गावात तिचा उत्सवही असतो. आपल्याकडे कासेगाव-पंढरपूर भागात मांडवावर चढवलेले वेल पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना तेथील जुने बाग चमत्कारिक वाटतील : तारा नाहीत, मांडव नाही, कमरेएवढी झुडपे सुटी सुटी उभी आहेत, आणि त्यातील बहुतेक द्राक्ष वाइनसाठी जाणारे तेम्प्रानियो जातीचे आहे. तोडणीला मजूर करारावर घेतले जातात, त्यामुळे पाहुण्याच्या हाती कोणी सहज कात्री देणार नाही. काही वाइनघरे मात्र शुल्क घेऊन पाहुण्यांना तोडणीचा अर्धा दिवस घडवतात.

दुसरे शेत आग्नेयेकडील एल्चे या गावाजवळ घ्यावे, हा माझा आग्रह आहे. हा स्पेनच्या डाळिंबाचा मुलूख आहे. तेथील ‘मोयार दे एल्चे’ या डाळिंबाला युरोपीय संघाने मूळस्थानाचे संरक्षण दिले ते २०१६ साली, आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्याच वर्षी. फळ मात्र निराळे आहे : आपल्या ‘भगवा’ वाणासारखे गर्द लाल नाही, फिकट गुलाबी दाण्यांचे, अतिशय गोड आणि बी जवळजवळ जाणवणार नाही इतके मऊ. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत तोडणी चालते. आपण पाणी तोडून, पानगळ करून मृग, हस्त किंवा आंबे बहार धरतो. तेथे हिवाळ्याची थंडीच झाडाची पाने उतरवते आणि वर्षाला एकच पीक निघते. हा फरक तेथील शेतकऱ्याला समजावून सांगितलात तर तुमचा मुक्काम रंगेल, कारण वर्षातून तीन बहारांपैकी एक निवडता येतो हे ऐकून त्याला नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. गावातच खजुराची प्रचंड राई आहे. अरब राजवटीत आखलेली ही लागवड २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे.

तिसरे शेत ग्रनादाच्या दक्षिणेस, सिएरा नेवादा पर्वताच्या उतारावरील आल्पुहारा भागात घ्या. त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे. तेथून परतताना हाएन प्रांतातून या. स्पेन हा जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल काढणारा देश आणि हाएन हा त्यातील सर्वांत मोठा तेलप्रांत. सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडे डोंगरांवर रांगा धरून उभी आहेत. हिरव्या फळाचे पहिले तेल ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघू लागते. खोड हलवणारी यंत्रे, झाडाखाली अंथरलेली जाळी आणि घाण्यावर ट्रॅक्टरांची लागलेली रांग हे सारे एका मुक्कामात पाहून होते. तेथे शेतावर आठवडा घालवायची गरज नाही.

बार्सिलोना आणि बिल्बाओ गाळा. सेव्हिल सुंदर आहे, पण तुमच्या वाटेवर नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सवड असेल तर त्याऐवजी ला मान्चा पठारावरील कोन्सुएग्रा गावी जा. केशराची फुले त्याच सुमारास काही आठवडेच असतात आणि ती पहाटे खुडून त्याच दिवशी निवडावी लागतात.

प्रश्न : मंगळवेढ्याच्या एका वाचकाने लिहिले आहे : आमचे शिवार पावसाच्या भरवशाचे आहे. मालदांडी ज्वारी पिकते, पण पाण्याची भांडणे बारमाही. स्पेनचा दक्षिण भागही कोरडा आहे असे म्हणतात. तेथे पाण्याची व्यवस्था पाहण्यासारखे काही आहे का?

उत्तर : या पत्राने फार आनंद झाला, कारण पाणी पाहण्यासाठी स्पेनला जाणारा प्रवासी सहसा भेटत नाही.

सर्वप्रथम गुरुवारी दुपारी बारा वाजता वालेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दाराशी उभे राहा. वालेन्सियाभोवतालच्या बागायतीला तुरिया नदीचे पाणी आठ पाटांनी मिळते, आणि त्या पाटांवरील शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी दर गुरुवारी तेथे काळे झगे घालून गोल बसतात. हे पाण्याचे न्यायालय आहे. पाळी सोडून पाणी घेतले, पाट फोडला, पाणी वाया घालवले, अशा तक्रारी तोंडी मांडल्या जातात, तोंडीच ऐकल्या जातात आणि निकालही तेथल्या तेथे दिला जातो. वकील नाही, लेखी कैफियत नाही आणि अपीलही नाही. ज्या पाटावरचा वाद असेल त्या पाटाचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही, हा नियम तर आपल्या कितीतरी पाणीवापर संस्थांनी उचलावा असा आहे. युनेस्कोने २००९ साली या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. एक सूचना : अनेकदा तक्रारच नसते आणि बैठक दोन-चार मिनिटांत आटोपते, म्हणून पावणेबारालाच पोहोचा. वालेन्सियाहून आलिकांते मार्गे एल्चे जवळ आहे, त्यामुळे हा गुरुवार डाळिंबाच्या मुक्कामाला सहज जोडता येतो.

आल्पुहारातील व्यवस्था याहून मोलाची आहे. अरब काळात तेथील शेतकऱ्यांनी डोंगराच्या अंगावर मातीचे लांबच लांब पाट काढले. त्यातील काही पाट शेताला पाणी देत नाहीतच. वसंतात बर्फ वितळू लागला की ते पाणी पाटाने उंचावरच आडवे वळवायचे आणि ठरलेल्या जागी सोडून जमिनीत मुरवायचे, एवढेच त्यांचे काम. मुरलेले पाणी डोंगराच्या पोटातून हळूहळू उतरते आणि ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांना येते. तेथे या पाटांना ‘करेओ’ म्हणतात. आपले पाझर तलाव आणि समतल चर ज्या विचारावर उभे आहेत तोच हा विचार, पण सुमारे हजार वर्षे अखंड वापरात राहिलेला. गेल्या शतकात माणसे शहरांकडे गेली तसे अनेक पाट बुजले. अलीकडे ग्रनादा विद्यापीठाचे अभ्यासक, गावकरी आणि स्वयंसेवक यांनी त्यातील काही पुन्हा उपसून वाहते केले आहेत. पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावे एकाच दरीत एकावर एक वसलेली असून त्यांना जोडणाऱ्या पायवाटांवर पाट ठिकठिकाणी भेटतात. नोव्हेंबरात वरच्या पाटांत पाणी नसेल, ते पाहायचे तर एप्रिल-मे हा काळ हवा. पण रचना, उतार आणि दगडी बांध कोरड्यातच अधिक नीट समजतात.

दुसरी बाजूही पाहावी. आल्मेरियाजवळ एल एहिदोच्या परिसरात प्लास्टिकच्या छपरांखालची शेती तीस हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरली आहे आणि तेथील भूजल वर्षानुवर्षे प्रमाणाबाहेर उपसले गेले आहे. ताहो नदीचे पाणी १९७९ पासून कालव्याने आग्नेयेकडील सेगुरा नदीच्या खोऱ्यात आणले जाते आणि त्यावरून वरचे व खालचे प्रांत आजही भांडतात. उजनीच्या पाण्यावरून इंदापूर आणि सोलापूर यांच्यात उठलेला वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या भांडणातील एकही मुद्दा नवा वाटणार नाही.

प्रश्न : पंढरपूरहून दोघा मित्रांनी विचारले आहे : आम्ही अनेकदा वारीत चाललो आहोत. द्राक्षांच्या शेतावरून डाळिंबाच्या शेताकडे जाताना मधे आठवडाभर मोकळा मिळतो. सांतिआगोच्या पायी यात्रेचा काही भाग चालता येईल का?

उत्तर : अवश्य चालता येईल, आणि त्यासाठी कोठे जायलाही नको. फ्रान्सच्या सीमेवरून वायव्य स्पेनमधील सांतिआगो या तीर्थक्षेत्राला जाणारी सुमारे ७८० किलोमीटरची मुख्य वाट लोग्रोन्यो गावातूनच जाते. तेथून नाहेरा, सांतो दोमिंगो दे ला काल्सादा असे मुक्काम करत बुर्गोसपर्यंतचे अंतर साधारण १२० किलोमीटर आहे, आणि वारीची सवय असलेल्या पायांना ते सहा दिवसांत जड नाही. पहिल्या दोन दिवसांत तर वाट द्राक्षांच्या बागांमधूनच जाते; घड हाताला लागतात, ते तोडू नयेत. यात्रेकरूंच्या धर्मशाळांना ‘आल्बेर्गे’ म्हणतात. तेथे राहण्यासाठी यात्रेकरूचे शिक्क्यांचे पुस्तक घ्यावे लागते आणि सहसा एकच रात्र राहता येते. सांतिआगोचे प्रमाणपत्र हवे असेल तर तेथे पोहोचणारे निदान १०० किलोमीटर चालावे लागतात. तुम्हाला ते मिळणार नाही. वारकऱ्याला त्याचे काय वाटायचे! बुर्गोसहून माद्रिदला थेट बस आहे.

प्रश्न : शेतांच्या मधला प्रवास रेल्वेने करावा की बसने? सॅक किती मोठी असावी? — बार्शीचे एक वाचक

उत्तर : मोठ्या शहरांमध्ये रेल्वे, खेड्यांकडे बस. अतिवेगवान गाड्यांचे जाळे १९९२ साली माद्रिद-सेव्हिल मार्गाने सुरू झाले आणि आता ते आलिकांते व ग्रनादापर्यंत पोहोचले आहे. काही मार्गांवर सरकारी ‘रेन्फे’शिवाय ‘ऊईगो’ आणि ‘इर्यो’ यांच्याही गाड्या धावतात, त्यामुळे तिकीट लवकर काढल्यास भाडे बरेच कमी पडते. या गाड्यांना सामानाची तपासणी असते आणि सुटण्याच्या थोडे आधी फलाटाचे दार बंद होते. सोलापूर स्थानकावर धावत जाऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडण्याची सवय येथे उपयोगाची नाही. एल्चेचे वेगवान गाड्यांचे स्थानक शहराबाहेर आहे, हेही लक्षात ठेवा.

खेड्यांच्या बस कमी असतात, रविवारी आणि सणाच्या दिवशी त्याहून कमी. म्हणून शेतावर पोहोचण्याचा आणि शेत सोडण्याचा दिवस रविवार ठेवू नका. दोन शेतांच्या मधे निदान दोन रात्री मोकळ्या ठेवा. त्यात कपडे धुणे, पैसे काढणे, सिमकार्डाची कटकट आणि झोप हे सगळे उरकते.

सॅक ४० ते ५० लिटरची पुरे, भरलेली दहा किलोंच्या आत. एक उबदार जॅकेट हवेच. उन्हाची सवय असलेला सोलापूरकर थंडीला नेहमी कमी लेखतो आणि आल्पुहारातील नोव्हेंबरची रात्र त्याला महागात पडते. तंबू नेऊ नका. कोठेही तंबू ठोकण्यावर तेथे प्रांतोप्रांती निर्बंध आहेत.

प्रश्न : आम्ही अक्कलकोटचे लिंगायत कुटुंब, अंडेही खात नाही. मुलगा मित्राबरोबर जातो म्हणतो. त्याच्या जेवणाचे काय होणार?

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. स्पेनमध्ये डुकराचे मांस भाजीचा मसाला असल्यासारखे वापरतात : मसुरीच्या आमटीत, पालकाच्या भाजीत आणि साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड सूपवरही ‘हामोन’चे तुकडे पडतात. ‘वेहेताल’ नावाच्या सँडविचमध्ये बहुधा ट्यूना मासा आणि अंडे असते. बटाट्याच्या तोर्तियात अंडे असतेच. त्यामुळे ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. “सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो” हे चार शब्दप्रयोग कागदावर लिहून जवळ ठेवावेत, म्हणजे मांस, हामोन, मासे आणि अंडे यांपैकी काही नको हे वाढप्याला नीट कळते.

निर्धोक पदार्थही पुष्कळ आहेत. टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे थंड सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या, भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा, ऑलिव्ह, आणि नुसत्या पीठ-पाण्याचे चुरोस. सेव्हिलकडची पालक-हरभऱ्याची भाजी तर घरच्यासारखी लागते, मात्र तीत काय घातले आहे ते विचारूनच घ्यावी. चीज खात असाल तर बहुतेक चीजला प्राण्यांच्या जठरातील विरजण लागते हे माहीत असू द्या. एस्त्रेमादुरा प्रांतातील तोर्ता देल कासार हे चीज मात्र एका काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात. दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊनंतर मिळते, ही अडचण शाकाहारापेक्षा मोठी ठरते. शेतावर खोली घेताना स्वयंपाकघर वापरता येईल का, हे आधीच विचारावे.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल द्या. तूप, पेढे, खवा, पनीर देऊ नका. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरील देशांतून प्रवाशाच्या सामानात नेण्यास युरोपीय संघाची बंदी आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि तिची मैत्रीण दोघीच जाणार आहेत. अनोळखी शेतकऱ्याच्या घरी राहणे सुरक्षित आहे का? — सोलापूर शहरातील एक आई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. नोंदणीकृत घरच निवडावे, आधी राहून गेलेल्या स्त्रियांचे अभिप्राय वाचावेत, आणि पैसे भरण्यापूर्वी यजमानाशी व्हिडिओवर बोलून खोलीला आतून कडी आहे का, गाव किती दूर आहे, बस कधी असते, हे विचारावे. प्रत्येक नोंदणीकृत मुक्कामी पासपोर्टची नोंद सरकारकडे जाते, हेही एक प्रकारे संरक्षणच आहे. जागा पटली नाही तर त्याच दिवशी निघता यावे म्हणून दोन-तीन रात्रींच्या हॉटेलचे पैसे दोघींकडे वेगवेगळे असावेत. आपत्कालीन क्रमांक ११२. खेड्यांपेक्षा बार्सिलोना-माद्रिदच्या मेट्रोतील खिसेकापूंचा उपद्रव जास्त आहे.

प्रश्न : मित्राला शेतात रस नाही, त्याला फुटबॉल आणि संग्रहालये हवीत. काय करावे?

उत्तर : शेतावरचे दिवस तुम्ही एकट्याने काढा, त्याला माद्रिदला राहू द्या आणि ग्रनादाला भेटा. तेथील अल्हाम्ब्रा किल्ल्याची तिकिटे मात्र दोघांची एकत्र आणि फार आधी काढा. आतील नसरी राजवाड्यात शिरण्याची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो.

प्रश्न : यजमानांना भेट म्हणून मालदांडीचे बी न्यावे आणि येताना एल्चेच्या डाळिंबाच्या काड्या आणाव्यात, असे मनात आहे. — सांगोला

उत्तर : दोन्हीही करू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणे युरोपीय संघात नेता येत नाही, आणि काड्या किंवा रोपे भारतात आणायला आपल्या संगरोध नियमांनुसार आयात परवाना लागतो. हे नियम कागदी नाहीत. आलिकांते प्रांतात २०१७ साली झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि त्यापायी बदामाची असंख्य झाडे उपटून टाकावी लागली. आपल्याकडे तेल्या रोगाने बागा कशा बसतात हे सांगोल्याला वेगळे सांगायला नको. भेट म्हणून सोलापुरी चादर न्या. निघण्यापूर्वी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात एक चक्कर टाकून तेथील वाणांची माहिती घ्या, म्हणजे एल्चेच्या बागेत काय विचारायचे ते कळेल. आणि परतताना बुटांच्या तळव्यांची माती स्पेनमध्येच धुऊन टाका.